मलेरियाचे औषध आणि पिट्युटरीची गाठ: निधी समित्या व नैतिक समित्यांना खुले पत्र

माननीय सदस्य,
संशोधन निधी समित्या आणि वैद्यकीय नैतिक समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

प्रोलॅक्टिनोमा म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली, प्रोलॅक्टिन हे हार्मोन जास्त बनवणारी गाठ. कॅबरगोलीन या तिच्यावरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांना जोडीला मलेरियावरचे क्लोरोक्वीन किंवा त्याच्याच कुळातले हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन देऊन पाहावे, ही कल्पना प्रयोगशाळेतून रुग्णालयाच्या दाराशी आली आहे. तिच्यावरचे प्रस्ताव आपल्यासमोर येतात किंवा येतील. ही दोन्ही औषधे जुनी आणि पेटंटमुक्त आहेत. कोणतीही कंपनी त्यांच्यावर खर्च करायला पुढे येणार नाही, म्हणून या प्रश्नाचा निकाल सार्वजनिक पैशावर आणि आपल्या सहीवर अवलंबून आहे.

आमची मागणी एकच आहे. पैसा जरूर द्या, पण पहिला हप्ता ‘गाठ लहान होते का’ हे पाहण्यासाठी देऊ नका. माणसाला सोसेल एवढ्या मात्रेत औषध गाठीपर्यंत पोचते का आणि पोचल्यावर तिथे अपेक्षित काम करते का, हे आधी तपासायला लावा. या पायरीला उडी मारून गेलेल्या चाचण्यांचे काय होते, ते मेंदूच्या गाठींत आणि कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

आधी मूळ काम. पिट्युटरीच्या हार्मोन बनवणाऱ्या गाठींत प्रोलॅक्टिनोमा सर्वांत जास्त आढळतो. डोपामिनसारखे काम करणारे कॅबरगोलीन आठवड्याला एक-दोन गोळ्यांत बहुतेकांचे प्रोलॅक्टिन उतरवते आणि गाठही आक्रसवते. दहातल्या एखाद-दुसऱ्या रुग्णात मात्र ते पुरेसे चालत नाही. काहींना मळमळ आणि चक्करच इतकी होते की मात्रा वाढवता येत नाही. यांच्यासाठी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि क्वचित टेमोझोलोमाइड हे कर्करोगाचे औषध एवढेच उरते. २०१७ साली क्लोरोक्वीन आणि कॅबरगोलीन या जोडीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उंदरांच्या पिट्युटरी गाठींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी (जीएच-३ आणि एमएमक्यू), शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी गाठींच्या पेशी आणि इस्ट्रोजेन देऊन गाठ तयार केलेले प्राणी, या सगळ्यांत ही जोडी एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरली.

कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. कॅबरगोलीनमुळे पेशीत ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःचेच जुने भाग पिशव्यांत भरून पचवण्याची क्रिया, वाढते. पिशव्या भरतात आणि लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या आम्लधर्मी पचन-कोठ्यांकडे, जातात. क्लोरोक्वीन हा दुबळा आम्लारी रेणू आहे. लायसोसोमच्या आत पीएच ४.५ ते ५ असतो. तिथे शिरलेल्या रेणूला दोन प्रोटॉन चिकटतात, मग तो पडद्यातून बाहेर येऊ शकत नाही आणि आतल्या आत साठत जातो. आतली आम्लता उतरते, पिशव्यांचे लायसोसोमशी मीलन अडते, पचन थांबते. एका औषधाने तोटी उघडायची आणि दुसऱ्याने मोरी बुजवायची, म्हणजे हौद भरून वाहू लागतो. साठलेल्या कचऱ्याच्या ओझ्याखाली पेशी स्वतःचा नाश करणारी यंत्रणा सुरू करते.

याच हौदाच्या दाखल्यात मोजमापाचा सापळाही आहे. पेशीत एलसी-३ या प्रथिनाचे दुसरे, ऑटोफॅजीच्या पिशव्यांवर बसणारे रूप वाढले की ‘ऑटोफॅजी वाढली’ असे लिहून मोकळे होणारे प्रस्ताव अजूनही येतात. हौदातले पाणी वाढले म्हणजे तोटी मोठी झाली, की मोरी तुंबली? नुसत्या पातळीवरून ते कळत नाही. त्यासाठी बॅफिलोमायसिनसारखा लायसोसोम रोखणारा पदार्थ घालून आणि न घालून, असे दोन्ही प्रकारे मोजावे लागते. सोबत पिशव्यांबरोबर पचून जाणारे पी-६२ हे प्रथिन पाहावे लागते, कारण पचन चालू असेल तर ते घटते आणि अडले तर साचते. ज्या प्रस्तावात हे चार नमुने (काही नाही, फक्त कॅबरगोलीन, फक्त क्लोरोक्वीन, दोन्ही) आणि त्यांचे बॅफिलोमायसिनसह जोडीदार नसतील, तो परत पाठवावा.

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे.

कॅबरगोलीनच्या ०.५ ते १.५ मिलीग्रॅमच्या एका मात्रेनंतर रक्तातली सर्वोच्च पातळी दर मिलिलिटरला ३० ते ७० पिकोग्रॅम असते. रेणुभार ४५१.६ धरला तर ५० पिकोग्रॅम म्हणजे साधारण ०.११ नॅनोमोलार. पेशींच्या तबकड्यांत हे औषध अनेकदा मायक्रोमोलारमध्ये (१ मायक्रोमोलार म्हणजे १,००० नॅनोमोलार) घातले जाते. समजा १० मायक्रोमोलार घातले, तर ते रक्तातल्या पातळीच्या सुमारे ९० हजार पट झाले. उंदरांत पिट्युटरीमध्ये हे औषध रक्ताच्या १०० पटींहून जास्त साठते, हे खरे. ती सवलत पूर्ण दिली तरी ९०० पटींचा फरक उरतोच. इतक्या पातळीला पेशी मेली, तर ती डोपामिनच्या डी-२ रिसेप्टरमार्फत, म्हणजे कॅबरगोलीन ज्यावर बसून काम करते त्या पेशीवरच्या प्रथिनामार्फत, मेली असे गृहीत धरता येत नाही.

जीएच-३ पेशींनी तर हा संशय पक्का होतो. त्यांच्यात कामाचे डी-२ रिसेप्टर जवळजवळ नसतात. एमएमक्यू पेशींत ते असतात. दोन्हींत सारखाच परिणाम दिसला तर काही जण ते ‘परिणाम व्यापक आहे’ याचे लक्षण मानतात. आम्हाला ते विषारीपणाचेही लक्षण वाटते. डी-२ रिसेप्टर रोखून परिणाम नाहीसा होतो का, हा साधा प्रयोग प्रत्येक प्रस्तावात हवा. रिसेप्टर रोखूनही टिकणारा परिणाम कदाचित खरा असेल, पण रुग्णाला मिळणाऱ्या मात्रेत तो दिसणार नाही.

क्लोरोक्वीनची बाजू एवढी वाईट नाही. नेहमीच्या मात्रेत रक्तद्रवातली पातळी १ मायक्रोमोलारच्या आसपास किंवा त्याखाली असते आणि पेशींवर बहुधा १० ते ५० मायक्रोमोलार वापरतात. ऊतींमध्ये औषध रक्तद्रवापेक्षा कितीतरी जास्त साठत असल्याने ही दरी भरून निघू शकते. पण वाढत्या गाठींचा परिसर अनेकदा आम्लधर्मी असतो. बाहेरचा पीएच ६.५ च्या आसपास गेला की क्लोरोक्वीनवर पेशीबाहेरच प्रोटॉन बसतात, आत शिरणे घटते आणि ऑटोफॅजी रोखण्याची ताकद उतरते. म्हणून ७.४ या एकाच पीएचवर केलेले प्रयोग अपुरे समजावेत.

प्राण्यांच्या मात्रेचा हिशोब अर्जदाराकडून कागदावर मागा. उंदरातल्या मिलीग्रॅम प्रति किलोची मानवी मात्रा काढताना मोठ्या उंदरासाठी ६.२ ने आणि लहान उंदरासाठी १२.३ ने भागतात. समजा मोठ्या उंदराला रोज किलोमागे ०.५ मिलीग्रॅम कॅबरगोलीन दिले. ६० किलोच्या माणसाला ते रोज सुमारे ४.८ मिलीग्रॅम, आठवड्याला जवळजवळ ३४ मिलीग्रॅम झाले. प्रोलॅक्टिनोमात नेहमीची वरची मात्रा आठवड्याला २ मिलीग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे हे १७ पट. शिवाय इस्ट्रोजेनने वाढवलेली उंदराची पिट्युटरी डोपामिनला छान दाद देते. आपला रुग्ण तर दाद न देणारा आहे, त्यामुळे तो नमुना नेमक्या प्रश्नाला लागूच पडत नाही. हट्टी प्रोलॅक्टिनोमाची मानवी ऊतीच इथे उपयोगाची. ती दुर्मीळ असते आणि काही दिवसांतच तबकडीत तंतुपेशींचे (गाठीसोबत आलेल्या जोडऊतीच्या पेशींचे) रान माजते. प्रयोगाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी प्रोलॅक्टिनचे रंगण करून किती टक्के पेशी खरोखर गाठीच्या आहेत हे लिहिले नसेल, तर निकाल तंतुपेशींचाही असू शकतो.

पिट्युटरीची स्वतःची एक खासियत बहुतेक अर्जांत राहून जाते. हार्मोन बनवणारी पेशी गरजेपेक्षा जास्त बनलेले हार्मोनचे कण लायसोसोममध्येच पचवते. १९६६ साली स्मिथ आणि फार्कर यांनी पिले बाजूला काढलेल्या उंदरिणींच्या प्रोलॅक्टिन-पेशींत हे दाखवले. या क्रियेला क्रिनोफॅजी म्हणतात. लायसोसोम बंद पाडणारे औषध दिले की हे पचनही अडणार. मग पेशीतले आणि कदाचित रक्तातले प्रोलॅक्टिन गाठीच्या आकाराशी संबंध न ठेवता वर-खाली होऊ शकते. गाठ आक्रसत असताना प्रोलॅक्टिन चढले, तर वरवर पाहणारा डॉक्टर चाचणी थांबवेल. गाठ तशीच असताना ते उतरले, तर यश जाहीर होईल. म्हणून नुसत्या प्रोलॅक्टिनला मुख्य निकष करणारा आराखडा आम्हाला मान्य नाही. आकारमान आणि हार्मोन हे दोन निकष वेगळे लिहिलेले असावेत आणि दोघांचे म्हणणे विरुद्ध निघाले तर काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे.

मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगाचा अनुभव इथे थेट कामाचा आहे. २००६ साली मेक्सिकोतल्या ३० रुग्णांच्या छोट्या चाचणीत रोज १५० मिलीग्रॅम क्लोरोक्वीन जोडलेल्या गटाचे मध्यक आयुष्य २४ महिने आणि दुसऱ्या गटाचे ११ महिने होते. आशा वाढली. पुढे किरणोपचार आणि टेमोझोलोमाइडसोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन दिले, तेव्हा सोसणारी कमाल मात्रा रोज ६०० मिलीग्रॅम ठरली, ८०० ला रक्तपेशी घसरल्या, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत आयुर्मान वाढलेले दिसले नाही. सोसेल त्या मात्रेत ऑटोफॅजी सगळ्यांत सारखी रोखलीच गेली नव्हती. हे निदान कळले, कारण त्या संशोधकांनी रक्तपेशींत ऑटोफॅजी मोजली होती. मोजली नसती, तर ‘कल्पना चुकीची’ की ‘मात्रा अपुरी’, हा वाद आजही चालू राहिला असता.

कोविडचे उदाहरण त्याहून कडू आहे. आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशींत क्लोरोक्वीनने विषाणू रोखला, कारण तिथे विषाणू लायसोसोमच्या मार्गाने आत शिरतो. माणसाच्या फुप्फुसाच्या काल्यू-३ पेशींत तो दुसऱ्या दाराने शिरतो आणि तिथे औषध निष्प्रभ ठरले. ही तुलना येईपर्यंत जगभर लाखोंनी गोळ्या घेतल्या होत्या. ब्राझीलमधल्या जास्त मात्रेच्या चाचणीत मृत्यू वाढल्याने तो गट थांबवावा लागला. ल्युपस या आजाराच्या रुग्णांना त्यांचे रोजचे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन मिळेनासे झाले. चुकीची पेशी निवडण्याची एवढी किंमत दुसऱ्या कुठल्या औषधाने क्वचितच वसूल केली असेल.

म्हणून पहिल्या टप्प्यासाठी आमची सूचना अशी. ज्यांची शस्त्रक्रिया ठरलेलीच आहे, पण तातडीची नाही, अशा कॅबरगोलीनला दाद न देणाऱ्या रुग्णांचे दोन गट करा. एकाला चालू कॅबरगोलीनसोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, दुसऱ्याला चालू कॅबरगोलीनसोबत रिकामी गोळी. शस्त्रक्रियेत निघणाऱ्या ऊतीत औषध किती आहे आणि लायसोसोम अडले आहेत का, हे पाहा. ज्यांची नजर गाठीच्या दाबाने खालावते आहे त्यांना यात घेऊ नका. त्यांचा एक आठवडाही थांबवणे योग्य नाही.

कालावधी ठरवताना अर्धायुष्य विसरले जाते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचे ते साधारण ४० दिवस आहे. रोज सारखी मात्रा दिली तर ४ आठवड्यांत स्थिर पातळीच्या ३८ टक्के आणि १२ आठवड्यांत ७७ टक्के गाठले जातात. दोन आठवड्यांची ‘झटपट’ चाचणी नकारात्मक आली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सुरुवातीला मोठी मात्रा देऊन हा वेळ वाचवता येतो, पण हृदयाच्या तालाला धोका नेमका तेव्हाच वाढतो. आमच्या मते १२ आठवडे साधी रोजची मात्रा हाच शहाणपणाचा मार्ग. याच कारणामुळे रुग्णाला आधी औषध आणि मग रिकामी गोळी देणारा आलटून-पालटून आराखडा इथे चालणार नाही. पाच अर्धायुष्ये म्हणजे २०० दिवस, आणि तोवर पहिल्या टप्प्याचे औषध दुसऱ्या टप्प्यात मिसळलेलेच राहते.

ऊती हाताळण्यात गोंधळ झाला तर सगळे वाया. नाकातून काढलेली गाठ तुकड्यातुकड्यांत येते. तिच्यात रक्त मिसळलेले असते आणि काही भाग विद्युत-दाहाने करपलेला असतो. करपलेले तुकडे बाजूला काढावेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन रक्तपेशींत भरपूर साठते, म्हणून तुकडा थंड क्षारद्रावणात झटकन धुऊन, नमुन्यातले हिमोग्लोबिन मोजून रक्ताचा वाटा वजा करावा. नाहीतर गाठीतले म्हणून मोजलेले औषध रक्तातलेच निघेल. एक तुकडा काही मिनिटांत द्रवरूप नायट्रोजनमध्ये जावा, एक फॉर्मॅलिनमध्ये, आणि निदान एक मिलिमीटरभराचा कण २.५ टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. ऊतीत तोटी-मोरीचा प्रवाह मोजता येत नाही, एका क्षणाचे चित्र तेवढे मिळते. फुगलेले, अर्धवट पचलेल्या मालाने भरलेले लायसोसोम प्रत्यक्ष दिसणे हाच तिथला सर्वांत भरवशाचा पुरावा. शस्त्रक्रियेत तुकडा निघालेल्या मिनिटापासून गोठवल्याच्या मिनिटापर्यंतची वेळ प्रत्येक नळीवर लिहिलेली हवी. अर्धा तास टेबलावर पडलेल्या तुकड्यात ऑटोफॅजी आपोआप बदलते.

क्लोरोक्वीन की हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन? पिट्युटरीवरचे प्रयोग क्लोरोक्वीनचे आहेत, पण दृष्टिपटलाला कमी त्रास देणारे दुसरे आहे. आमचा कौल दुसऱ्याला, मात्र मानवी गाठीच्या पेशींत ते तितकेच काम करते हे दाखवण्याचा छोटा प्रयोग आधी करून. मात्रा लिहिताना क्षाराची की बेसची, हे प्रत्येक पानावर स्पष्ट हवे. २५० मिलीग्रॅम क्लोरोक्वीन फॉस्फेटमध्ये बेस जेमतेम १५० ते १५५ मिलीग्रॅम असतो, आणि २०० मिलीग्रॅम हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सल्फेटमध्ये साधारण १५५. प्रयोगशाळेची वही बेसमध्ये आणि औषधाची बाटली क्षारात बोलत असेल, तर मात्रा पाऊणपट किंवा सव्वापटीहून अधिक होऊन बसते.

डोळ्यांचा प्रश्न या रुग्णांत इतर कुठल्याही रुग्णगटापेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर आम्हाला थोडे सविस्तर बोलू द्या. अमेरिकन नेत्ररोग अकादमीच्या २०१६ च्या शिफारशीनुसार हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलीग्रॅमच्या आत ठेवायचे. ६० किलोला ३०० मिलीग्रॅम, म्हणजे एक दिवस एक आणि दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या. या मात्रेत पहिल्या ५ वर्षांत दृष्टिपटलाच्या इजेचा धोका १ टक्क्याहून कमी असतो, २० वर्षांनंतर तो २० टक्क्यांच्या घरात जातो. मूत्रपिंड मंद असेल किंवा टॅमॉक्सिफेन हे स्तनकर्करोगाचे औषध चालू असेल तर तो वाढतो. बारा आठवड्यांच्या चाचणीत दृष्टिपटल बिघडण्याची भीती अगदी थोडी. पण औषध चालले तर ते वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागेल, आणि तेव्हा तुलनेसाठी पहिल्या दिवसाची नोंद लागेल. ती आजच करायला हवी.

पिट्युटरीची गाठ दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तिथे दाब देते, आणि दोन्ही बाजूंची बाहेरची नजर जाते. औषधाची इजा नजरेच्या केंद्राभोवती कडे करते. नेहमीच्या पिट्युटरी तपासणीतले २४-२ किंवा ३०-२ (केंद्रापासून २४ किंवा ३० अंशांपर्यंतचे) दृष्टिक्षेत्र पहिल्यासाठी बरे, दुसऱ्यासाठी १०-२ (मधल्या १० अंशांचे) लागते. आशियाई वंशाच्या रुग्णांत औषधाची इजा केंद्रापासून जरा दूर सुरू होते, म्हणून त्यांच्यात १०-२ एकटे पुरत नाही. दोन्ही करावीत. ओसीटी चित्रात (दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या प्रकाश-तपासणीत) तर थर वेगळे वाचलेच पाहिजेत. गाठीच्या दाबाने आतला गँग्लिऑन पेशींचा थर पातळ होतो, तोही नाकाकडच्या अर्ध्यात. औषधाने बाहेरचा, प्रकाशग्राही पेशींचा थर तुटतो. ‘दृष्टिपटलाची एकूण जाडी’ एवढाच आकडा देणाऱ्या अहवालात दोन्ही आजार एकमेकांच्या आड लपतात.

हृदयाबाबत कडकपणा हवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन क्यूटी अंतर, म्हणजे ईसीजीवर दिसणारा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याच्या विद्युत-चक्राचा काळ, लांबवते आणि त्यातून ताल बिघडू शकतो. पिट्युटरीच्या रुग्णांत थायरॉइड कमी, टेस्टोस्टेरॉन कमी, कुशिंग (कॉर्टिसॉल अति होण्याचा आजार) असेल तर पोटॅशियम कमी, आणि या प्रत्येकाने क्यूटी आणखी लांबतो. पासिरिओटाइड किंवा ऑक्ट्रिओटाइड ही पिट्युटरीच्या गाठींची औषधे चालू असतील तर भर पडते. आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. कॅबरगोलीनने मळमळते म्हणून रुग्ण डॉम्पेरिडोन हे उलटीवरचे औषध घेतो. ते क्यूटी लांबवतेच, शिवाय डोपामिन रोखून प्रोलॅक्टिन चढवते. उलटीवरचेच मेटोक्लोप्रामाइडही प्रोलॅक्टिन चढवते. शस्त्रक्रियेच्या दिवशी भूलतज्ज्ञ ओन्डान्सेट्रॉन देतात, तेही क्यूटी लांबवणारे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आदल्या दिवशी बंद केले तरी शरीरात आठवडेच्या आठवडे असते, म्हणून भूलतज्ज्ञाच्या हातात चाचणीचे कार्ड असणे सक्तीचे करा. प्रवेशासाठी क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) पुरुषांत ४५० आणि स्त्रियांत ४७० मिलिसेकंदांच्या आत, ५०० च्या वर किंवा ६० ने वाढल्यास औषध बंद, पोटॅशियम ४ च्या वर, मॅग्नेशियम तपासलेले. नाडी मंद किंवा जलद असलेल्यांत बॅझेटचे सूत्र दिशाभूल करते, म्हणून फ्रेडेरिशियाचे वापरावे. कॅबरगोलीनच्या मोठ्या मात्रांनी हृदयाच्या झडपा जाड होतात, हे २००७ साली पार्किन्सनच्या रुग्णांत स्पष्ट झाले आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन दीर्घकाळात हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते. तेव्हा सुरुवातीचा इकोकार्डिओग्राम टाळू नये.

कॉर्टिसॉल आणि वाढीच्या हार्मोनची उणीव असलेल्या रुग्णाला साखर घसरल्यावर सावरणे जड जाते, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन साखर घसरवू शकते. सकाळचे कॉर्टिसॉल आणि गरज पडल्यास उत्तेजन चाचणी झाल्याशिवाय पहिली गोळी नको. थायरॉइड टीएसएचवरून (थायरॉइडला चालना देणाऱ्या पिट्युटरीच्या हार्मोनवरून) न पाहता मोकळ्या टी-४ वरून पाहावे, कारण या रुग्णांत टीएसएच बोलतच नाही. मासिक पाळी परत येण्याआधी बीजोत्सर्ग सुरू होऊ शकतो, म्हणून तरुण स्त्रियांना गर्भनिरोधनाबद्दल पहिल्याच भेटीत सांगावे. तळाचे हाड पोखरलेल्या मोठ्या गाठी आक्रसल्या तर नाकातून पाण्यासारखा मेंदूद्रव गळू शकतो. ‘सर्दी समजू नका’ हे वाक्य संमतिपत्रात साध्या भाषेत हवे. तसेच अनावर खरेदी, जुगार, झोप उडणे, भलतेसलते विचार यांबद्दल घरच्यांनाही विचारावे. दोन्ही औषधे मनावर परिणाम करतात.

‘दाद न देणारा’ कोणाला म्हणायचे? मानसिक आजाराचे, प्रोलॅक्टिन चढवणारे रिस्पेरिडोन चालू असलेला, गोळ्या चुकवणारा, किंवा प्रोलॅक्टिन न बनवणाऱ्या मोठ्या गाठीने पिट्युटरीच्या देठावर दाब आल्याने प्रोलॅक्टिन थोडे चढलेला, असे रुग्ण या यादीत सहज घुसतात. मॅक्रोप्रोलॅक्टिन (प्रतिपिंडांना चिकटलेले, तपासणीत दिसणारे पण फारसे काम न करणारे प्रोलॅक्टिन) पीईजी या रसायनाने वेगळे करून पाहावे. महाकाय गाठीत आकडा अनपेक्षितपणे लहान आला तर नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा मोजावा, कारण अति प्रोलॅक्टिन तपासणीच्या किटलाच फसवते. आणि सहभागापूर्वी कॅबरगोलीनची मात्रा किमान सहा महिने स्थिर असावी. ते सावकाश काम करणारे औषध आहे. दोन महिन्यांपूर्वी मात्रा वाढवलेल्या रुग्णाची गाठ लहान झाली, तर ते श्रेय कोणाचे?

आकारमानासाठी १ मिलिमीटर जाडीची त्रिमितीय, गॅडोलिनियम दिलेली चित्रे, एकाच यंत्रावर, आणि गट माहीत नसलेल्या दोन वाचकांकडून. उंची-रुंदी-लांबी गुणून अर्धे करण्याची जुनी पद्धत वेड्यावाकड्या गाठींत निरुपयोगी आहे.

गोळ्या घरी नेल्या जाणार आहेत. क्लोरोक्वीनच्या एक-दोन गोळ्यांनीही लहान मुलाचा जीव गेलेला आहे, आणि मोठ्या माणसात ५ ग्रॅम बहुधा प्राणघातक ठरतात. एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त साठा देऊ नका, मुलांना न उघडणारी बाटली द्या, आणि आत्महत्येचे विचार आलेल्या रुग्णाला या टप्प्यात घेऊ नका.

तोपर्यंत चाचणीबाहेर ही जोडी लिहून देऊ नये, असे आपल्या संस्थांनी अंतःस्राव-तज्ज्ञांना कळवावे. गोळी स्वस्त आणि ओळखीची असल्याने मोह होतो. पण विखुरलेल्या रुग्णांत उरतो तो फक्त धोका. कोणाचे आकडे कोणाला जोडता येत नाहीत, आणि पुढच्या चाचणीसाठी औषध न घेतलेले रुग्णच सापडत नाहीत.

पहिल्या टप्प्याचा निकाल नकारात्मक आला, तरी तो प्रसिद्ध करण्याची अट निधीच्या करारातच घाला आणि शेवटचा हप्ता त्या प्रसिद्धीवर ठेवा. गाठीत औषध पोचले पण लायसोसोम अडले नाहीत, असे निघाले तर मात्रा न वाढवता हा मार्ग इथेच थांबवावा. पोचलेच नाही असे निघाले तर लायसोसोमवर अधिक जोरकस काम करणाऱ्या नव्या रेणूंकडे वळावे. दोन्ही गोष्टी जमल्या, तरच गाठीच्या आकाराची मोठी, एक वर्षाची चाचणी मागायला अर्जदारांना पुन्हा आपल्याकडे यायला सांगा. तेव्हा सोबत पहिल्या टप्प्यातली प्रत्येक ऊतीची नोंद, न वगळता, जोडलेली असावी.

आपले,
अंतःस्रावशास्त्र, औषधशास्त्र, नेत्ररोग आणि चेताशल्य या क्षेत्रांत काम करणारे आम्ही